सगळ्यात आधी काय तुटतं?

ताई, दहाव्याला कावळा लगेच शिवला आणि मला तुमचा रागच आला. पिंड ठेवून आम्ही जेमतेम मागं सरलो होतो. शेजारच्या कुटुंबातले लोक कधीचे हात जोडून उभे होते, कावळ्याला काय काय कबूल करत होते, आणि तुमचा कावळा मात्र बोलावल्यासारखा आला, घास घेतला आणि उडून गेला. मोठे भाऊजी म्हणाले, "काय मागं राहिलं नाय तिचं. सुखानं गेली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. माझं तुमच्याशी भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही खुशाल सुखानं निघून गेलात.

जावाजावांचं भांडण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर येतं. आपण स्वयंपाकघरात कधी भांडलोच नाही, कारण तिथं थांबायला दोघींनाही वेळ नव्हता. आपण भांडलो ते हिरवळीवरून, शेणखतावरून, कारंज्याच्या पंपावरून. बागा करून द्यायचा धंदा काढला दोघा भावांनी, पण बघता बघता झाडं, आराखडे आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, माणसं आणि मशीनं तुमच्याकडे. तसं कुणी वाटून दिलं नव्हतं. मला गवत कापायच्या मशीनचा आवाज सोसायचा नाही आणि तुम्हाला गिऱ्हाइकांचा.

तुमची मशीन घ्यायची तऱ्हा मी पहिल्यांदा बघितली तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं मला. आपल्याला नुकतंच एका लग्नाच्या लॉन्सचं काम लागलं होतं. रात्री वऱ्हाड तुडवून जाणार आणि सकाळी गवत परत उभं पाहिजे, असलं काम. गवत कापायचं मोठं मशीन घ्यायला आपण काचेच्या दाराच्या दुकानात गेलो. गळ्यात टाय बांधलेल्या पोरानं कितीतरी वेळ त्या मशीनची आरती ओवाळली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "यात सगळ्यात आधी काय तुटतं?"

"मॅडम, आपल्या मशीनमध्ये काही तुटतच नाही."

"म्हंजे तुम्ही ते चालवून बघितलेलं नाय," असं म्हणून तुम्ही पदर खोचून बाहेर. माझ्या हातात त्यांनी दिलेलं सरबत तसंच. ते प्यावं की ठेवावं हेही मला सुचेना.

पुढच्या दुकानातल्या माणसानं तोच प्रश्न ऐकून डोकं खाजवलं. "पट्टा जाईल पहिला. आणि लॉन्सवर चालवणार असाल तर पात्याची काय खैर नाही. बायकांच्या केसांतल्या पिना पडतात गवतात." मग त्यानं भिंतीवर खिळ्याला टांगलेले पट्टे दाखवले. तुम्ही मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. पट्टा हातात घेतलात, ताणून पाहिलात आणि म्हणालात, "द्या." घरी येताना मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता, तुम्ही टेम्पोत मागं मशीनला धरून बसला होतात. ते मशीन अजून चालतंय.

सगळंच कधी ना कधी तुटणार, तेव्हा काय तुटणार हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडूनच वस्तू घ्यावी, एवढंच तुमचं म्हणणं होतं. पंप घेताना तेच, फवारा घेताना तेच. आणि माझ्या मुलीचं स्थळ बघायला गेलो तेव्हा तर तुम्ही कमालच केलीत. चहा झाला, ओळखी निघाल्या, आणि तुम्ही मुलाच्या आईला विचारलंत, "तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण चिडतं?" मी डोळे मिटून घेतले. त्या बाईंनी हसत स्वतःचाच हात वर केला. तुम्ही तिथल्या तिथं माझ्या कानात म्हणालात, "पोरगी दे इथं." पोरगी सुखात आहे, ताई. सासूबाई खरंच आधी चिडतात आणि आधीच शांतही होतात.

तुमचा नीलेश कॅनडाला गेला तेव्हा मी रडले, काकू असून. तुम्ही नाही रडलात. पण त्याची मोटारसायकल तुम्ही विकू दिली नाहीत. दर रविवारी ती अंगणात काढायची, स्टँडवर लावून किक मारायची, थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचं, मग बंद करून फडक्यानं पुसायची. "नायतर बसून जाती गाडी," एवढंच म्हणायचात. तुम्हाला ती चालवता येत नव्हती आणि भाऊजींचे गुडघे त्या गाडीवर बसण्यातले राहिले नव्हते. मग ती कुणासाठी चालू ठेवत होतात हे न कळायला मी काही दूधखुळी नव्हते.

तिकडे त्यानं नोकरी सोडून आपलाच धंदा काढला, लोकांच्या बागा. भाऊजी चिडले. "इथं काय माती कमी पडली होती का?" तुम्हाला मात्र आतून बरं वाटलं होतं, हे मी बघितलंय. पण तिकडे उन्हाळा संपला की सगळं पांढरं आणि हात रिकामे. ज्या म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीची बाग तो बघायचा, त्यांनी त्याला सांगितलं, पुढच्या हिवाळ्यापासून आमच्या दारातला बर्फही तूच काढणार असशील तर वर्षाचं सगळं काम तुला, नाहीतर दुसऱ्याला. त्याच्याजवळ काम म्हणावं असं तेवढंच होतं. मशीननं एका पहाटे जरी दगा दिला आणि एखादी आजी दारात घसरली, तर हिवाळाही गेला आणि उन्हाळाही.

हे सांगायला त्यानं गेल्या हिवाळ्यात एका सकाळी व्हिडिओ कॉल केला. "आई, बर्फ काढायला मशीन कसलं घेऊ?"

"रस्ता फोडायला आणत्यात तसलं घे," तुम्ही म्हणालात.

"रस्ता कशाला फोडायचा?" मी म्हणाले. "सुपानं भरून टाकता येईल की."

आणि पोहे गार होईपर्यंत आपण भांडलो. तुमच्या डोळ्यांपुढं बर्फाच्या कारखान्यातली लादी होती, गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून येते ती. माझ्या डोळ्यांपुढं गोळेवाल्याचा किसलेला बर्फ. तिकडे नीलेश आणि पल्लवी, तुमची सून, पोट धरून हसत होते.

"आई, काकू, ते दोन वेगळे असतात. इंग्रजीत दोन शब्द आहेत त्याला."

"मग मराठीत का नाय?" तुमचा प्रश्न.

"मराठीत पडतो कुठं?"

मी म्हणाले, हिम म्हण. त्यावर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की बस. "कुठं गेलता रं? हिम काढाया गेलतो. असं बोलतं का कुणी घरात?"

मग त्याच्याकडून तुम्ही प्रयोगच करून घेतलात. त्यानं अंगणातला ताजा बर्फ पातेल्यात भरून आणला आणि उलथनं खुपसून दाखवलं. पिठात जावं तसं ते आत गेलं. मी तुमच्याकडे बघितलं. "आता दाबून बाहेर ठेव, उद्या दाखव," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी त्याच पातेल्यात उलथनं जाईना, वाकलं. आता तुम्ही माझ्याकडे बघितलंत. दोघीही बरोबर होतो, फक्त एका रात्रीचा फरक होता. मराठीत शब्द नाहीत म्हटल्यावर तुम्हीच ते पाडलेत: ताजा बर्फ, तुडवलेला बर्फ, शिळा बर्फ. नीलेश आणि पल्लवी आता तिकडे आपसात असंच बोलतात. भाकरीचे शब्द कुठवर जाऊन पोचले बघा.

एवढ्यावर थांबतील त्या तुम्ही कसल्या! देवळाली कॅम्पात ज्या निवृत्त सुभेदारांची बाग आपण बघतो, ते नोकरीत बरीच वर्षं बर्फात होते हे तुम्हाला आठवलं. त्यांच्या गुलाबांची छाटणी राहिली बाजूला आणि तुम्ही पायरीवर बसून त्यांना खोदून खोदून विचारत राहिलात. ओला झाला की किती जड होतो, वाऱ्यानं कुठं साचतो, गारठलेलं इंजिन कसं चालू करायचं. सुभेदार म्हणाले, "लोकांचे पाय पडायच्या आत काढा, बस. एकदा तुडवला की मग तो ऐकत नाही." तुम्ही मान डोलावलीत, जणू उद्याच तुम्हाला काढायचा होता. शेवटी त्यांनी हसून विचारलं, "बहनजी, आप जा रही हैं क्या वहाँ?"

"नाय," तुम्ही म्हणालात. "पोरगा अडकलाय तिथं."

अडकलाय. हा शब्द तुम्ही आमच्यापैकी कुणासमोर कधी वापरला नव्हता.

गणपतीच्या आधी नीलेश फोन हातात धरून दुकानं फिरला, म्हणजे आपणही फिरलो. त्याचं मन एका जुन्या ट्रकवर गेलं होतं, तोंडाला भलंमोठं लोखंडी पातं बसवलेलं. एका फेरीत सगळा रस्ता साफ. तुमचा प्रश्न त्यानं विकणाऱ्याला इंग्रजीत विचारला. तो म्हणाला, ठणठणीत आहे, काहीही तुटत नाही. "चल पुढं," तुम्ही म्हणालात. नीलेशचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दुकानात हातानं धरून चालवायची मशीनं होती. पुढं फिरती पाती, वर वाकडी नळी, बर्फ आत ओढायचा आणि नळीतून लांब फेकायचा. दुकानदार म्हातारा होता. त्यानं प्रश्न ऐकला, हसला नाही, खिशात हात घातला आणि बोटाएवढी एक पिन काढून फोनसमोर धरली. ही तुटते, म्हणाला. तुटावी म्हणूनच बनवलीय. पात्यात दगड अडकला की आधी ही पिन तुटते आणि आतलं सगळं मशीन वाचतं. थोड्या खिशात ठेवायच्या, जागच्या जागी बदलायची, पुढं चालायचं. नीलेशनं ते मराठीत सांगितलं. तुम्ही त्याला ती पिन फोनच्या आणखी जवळ धरायला लावलीत. "हा माणूस खरा हाय," म्हणालात. "याच्याकडूनच घे."

नीलेश त्यातल्या सगळ्यात मोठ्या मशीनकडे वळला तर तुम्ही त्याला थांबवलंत. "आधी पल्लवीला चालवू दे."

"आई, चालवणार मी आहे."

"आन तू नसशील त्या दिवशी?"

"मी कुठं जाणार आहे?"

"चालवू दे तिला."

मोठं मशीन पल्लवीला वळवता येईना. मधलं तिनं दोरी ओढून चालू केलं, दुकानाच्या अंगणात गोल फिरवलं, मागं घेतलं. तरी तुमचं समाधान नाही. हातमोजे घालून पिन बदलून दाखव म्हणालात. बिचारीनं तेही केलं. भोवती गोरी गिऱ्हाइकं जमली होती आणि फोनमधून एक बाई नाशकात बसून ओरडत होती, "उलटी नको, सरळ बसव!" म्हाताऱ्या दुकानदारानं तुम्हाला वाकून नमस्कार केला, आठवतं? तुम्ही लाजून फोन माझ्या हातात दिलात.

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. त्याच दुपारी आपण रोपवाटिकेत कुंड्या भरत होतो. मी म्हणाले, "ताई, एखादं रडकं मशीन सुचवायचं होतं. भर हिवाळ्यात बंद पडलं असतं, काम गेलं असतं, पोरगं घरी आलं असतं. त्र्यंबक रोडला एवढी रिसॉर्टं होतायत, इथं काय काम कमी आहे?"

भाऊजी मागं खताची गोणी सोडत होते. "मी तर नवस बोलतो. बंदच पडू दे ते."

तुम्हाला राग आला की तुमचं सटाण्याचं माहेर तोंडात यायचं. "काय शे हे! पोराच्या पोटावर असं बोलत्यात?"

"मग त्यानं यावं असं वाटत नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"वाटतं ना."

"मग?"

तुम्ही हाताची माती झटकलीत. "मशीन चांगलं असलं तरच येईल तो."

हे कुठलं उलटं गणित? मशीन चांगलं निघालं तर काम टिकणार, काम टिकलं तर तो तिथंच राहणार. शेंबडं पोरही सांगेल. मी तसं म्हणाले, तर तेवढ्यात पाण्याचा टँकर आला आणि तुम्ही उठून गेलात. नंतर दिवाळीपर्यंत मी तो विषय कितीदा काढला. तुम्ही दर वेळी फक्त हसायचात, आणि उत्तर न देता हसणारं माणूस मला मुळीच सहन होत नाही.

दिवाळी झाली आणि तुम्ही गेलात. सकाळी नळीनं रोपांना पाणी घालता घालता खाली बसलात त्या बसलातच. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला वाटलं, काहीतरी बोलाल. निदान पंप बंद कर म्हणाल. पाणी वाहत राहिलं.

नीलेशला फोन मीच केला. कधी, कसं, हे त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "काकू, या आठवड्यात पहिला बर्फ पडायचा अंदाज आहे." आई गेलेली असताना तोंडातून हे निघालं याची त्याला स्वतःचीच लाज वाटली असणार. मागून पल्लवीचा आवाज आला, "तुम्ही जा. मशीन मला येतं." तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मला फक्त तो यायला हवा होता.

अग्नी द्यायला तो पोचू शकला नाही, भाऊजींनी दिला. तो आला, बॅग खाली ठेवली. अंगणात गेला आणि मोटारसायकलवरचं कापड काढलं. पहिल्याच किकला गाडी चालू झाली. तेव्हा तो रडला. टाकीवर डोकं ठेवून, इंजिन चालू ठेवून रडला. भाऊजी दारात उभे राहून बघत होते, पण पुढं झाले नाहीत.

दहाव्याच्या संध्याकाळी पाहुणे चहा घेऊन निघत होते तेव्हा त्याचा फोन वाजला. पल्लवीनं व्हिडिओ पाठवला होता. तिकडे पहाट होती. फोन तिनं कुठंतरी कुंपणावर टेकवला असावा. दिव्याखाली भुरभुर पडणारा बर्फ, त्या वसाहतीचा रस्ता, आणि जाड कपड्यांत ओळखू न येणारी आपली सून. मशीन चालू होतं, नळीतून पांढरा फवारा उडत होता. मध्येच खाडकन आवाज झाला आणि पाती थांबली. नीलेश ताडकन उभा राहिला. पल्लवीनं मशीन बंद केलं, वाकून बघितलं, काठीनं ढोसून बर्फाखाली दडलेली एक वीट बाहेर काढली. मग खिशात हात घातला. तुटायची ती पिन तुटली होती. नवी बसवली, सरळ बसवली, दोरी ओढली आणि पुढं गेली.

शेवटी प्रत्येक दारापासून रस्त्यापर्यंत काळी वाट मोकळी झालेली दिसली. एक आजी काठी टेकत त्या वाटेवरून चालत आल्या आणि हात हलवून गेल्या. मग पल्लवी फोनजवळ आली, लालबुंद, धापा टाकत. "आई, बघा हं, ताजा होता तोवरच काढला सगळा. पिन तुटली होती, बदलली मी." सगळं तुम्हालाच दाखवायची सवय तिला. पुढच्या क्षणाला तिच्या लक्षात आलं. तोंडावर हातमोजा दाबला आणि व्हिडिओ तिथंच संपला.

ताई, तेव्हा मला तुमचं गणित कळलं. रडकं मशीन असतं तर नीलेश आज त्याच्यापाशी अडकून बसला असता, हात काळे करत, आणि दहाव्याला भाऊजी एकटेच उभे राहिले असते. "तू नसशील त्या दिवशी," असं तुम्ही म्हणाला होतात. तो कुठल्या कारणानं नसेल, हे काही तुमच्या मनात नसणार. तुम्हाला वाटलं असेल एखादी दिवाळी, एखादं लग्न. पण चांगलं मशीन होतं म्हणूनच तो आला, आणि तुमच्यासाठी आला. भांडण तुम्ही जिंकलात. हे मला तुमच्या तोंडावर सांगायचं होतं, तुम्ही कशा हसता ते बघायचं होतं, आणि पुन्हा चिडायचं होतं. तुमच्यावर मी किती जीव टाकत होते हे मी मशीनच्या भांडणांतूनच सांगत आले. तुम्हाला ते कळत होतं असं समजून चालते.

भाऊजींनी चष्मा लावला आणि "परत लाव" म्हणाले. नीलेशनं लावला. पिन बदलायची जागा आली तेव्हा ते फोनजवळ वाकले, आणि व्हिडिओ संपल्यावर पुन्हा "परत लाव" म्हणाले. मशीन बंद पडावं म्हणून नवस बोललेला हा माणूस. मग चष्मा काढून पुसत बसले.

"पिना किती राहिल्यात तिच्यापाशी?" त्यांनी विचारलं.

"आहेत, बाबा. थोड्या आहेत."

"आजून आणून ठेव म्हणावं," भाऊजी म्हणाले. "हिवाळा लय मोठा असतो तिकडं."